रिफ्रेश करूनही जुनंच का दिसतं? वेबसाइटच्या फाइली आणि त्यांच्या नावांची गोष्ट

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी बँक बदलली. सोसायटीची छोटीशी वेबसाइट मीच बांधलेली आहे आणि तिच्यात मेंटेनन्स भरायच्या पानावर एक क्यूआर कोड आहे. खजिनदार काकांनी नव्या खात्याचा क्यूआर पाठवला. मी जुनं चित्र काढून त्याच नावाने नवं चित्र ठेवलं, माझ्या लॅपटॉपवर पान उघडलं, स्कॅन करून खात्याचं नाव तपासलं आणि काम झालं असं ग्रुपवर कळवलं.

पुढच्या महिन्यात नऊ घरांचे पैसे जुन्या खात्यात गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फोन घेऊनच माझ्याकडे आल्या. "हे बघ, तुझ्याच साइटवर आहे. चारदा रिफ्रेश केलं मी." खरंच, त्यांच्या फोनवर जुना क्यूआर होता. पत्ता तोच, पान तेच. माझ्या लॅपटॉपवर नवं चित्र आणि त्यांच्या फोनवर जुनं. जुनं खातं अजून बंद झालेलं नव्हतं म्हणून पैसे बुडाले नाहीत, पण ते इकडून तिकडे आणून प्रत्येकाच्या नावावर जमा दाखवताना खजिनदार काकांचे दोन महिने गेले.

त्या दिवशी मी काकूंना तेच सांगितलं जे सगळे सांगतात : "कॅशे क्लिअर करा." त्यांनी विचारलं, "ते काय असतं?" मला नीट सांगता आलं नाही. निकालाच्या दिवशी, फॉर्म भरताना, बुकिंग करताना हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर देतो. आधीच एक स्पष्ट करतो : काकूंची यात काहीही चूक नव्हती. चूक साइट बांधणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

## पान उघडतं तेव्हा काय काय येतं

तुम्ही पत्ता टाइप करता तेव्हा एकच वस्तू येत नाही. आधी एचटीएमएल पान येतं. त्यात मजकूर असतो आणि 'अमुक चित्र इथून आणा, तमुक रंगसंगती तिथून आणा' अशी यादीही असते. मग ब्राउझर त्या यादीप्रमाणे एकेक फाइल मागवतो : दिसण्याचे नियम सांगणारी सीएसएस, बटणांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट, चित्रं, फॉन्ट.

पान प्रत्येकासाठी वेगळं असू शकतं. माझ्या पानावर माझी थकबाकी, तुमच्यावर तुमची. पण सोसायटीचा लोगो सगळ्यांना सारखाच दिसतो आणि महिनोन्‌महिने बदलत नाही. अशा सगळ्यांना सारख्या असणाऱ्या फाइलींना 'स्टॅटिक' किंवा स्थिर फाइली म्हणतात. हल्ली वेबसाइट शून्यापासून कुणी लिहीत नाही. लॉगिन, डेटाबेस, फॉर्म यांची सोय आधीच असलेला तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. जँगो, रेल्स, लाराव्हेल ही त्यातली ओळखीची नावं. स्थिर फाइली सांभाळायची यंत्रणा या प्रत्येकात असते, आणि ती नीट न वापरल्यामुळेच काकूंना जुना क्यूआर दिसला.

## टोपलीतला कांदा

घरी भाजी करताना कांदा लागला की आपण नाशिकच्या शेतावर जात नाही. आधी स्वयंपाकघरातली टोपली बघतो. तिथे नसेल तर जांभळी नाक्यावर जातो. नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे संपला असेल तर तो वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून आणतो, आणि वाशीत तो शेतावरून येतो. प्रत्येक टप्प्यावर थोडा साठा असतो, म्हणून तुमची भाजी दहा मिनिटांत फोडणीला पडते.

इंटरनेटवर असंच चालतं. साइटचा मूळ सर्व्हर म्हणजे शेत. तुमच्या फोनमधला साठा म्हणजे टोपली. यालाच कॅशे म्हणतात. (इंग्रजी उच्चार खरं तर 'कॅश' असाच आहे, पण रोकडीशी गोंधळ नको म्हणून आपल्याकडे बरेच जण कॅशे म्हणतात, मीही तेच वापरतो.) मधले टप्पे म्हणजे सीडीएन, अर्थात एकाच फाइलीच्या प्रती जगभरच्या शहरांत ठेवून जवळच्या ठिकाणाहून देणारं जाळं.

हे जाळं का लागतं, ते साध्या हिशोबाने कळतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मागणी जाऊन उत्तर परत यायला २५ हजार किलोमीटर, म्हणजे सर्व्हरने काहीही वेळ घेतला नाही तरी सव्वाशे मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या झाल्या की पान रखडलेलं आपल्याला जाणवतं. हा वेळ वाचवायला इंजिनीअर कितीही हुशार असून चालत नाही. अंतरच कमी करावं लागतं. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात तर ऐरोली, रबाळेच्या पट्ट्यात मोठमोठ्या, बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आज देशातल्या मोठ्या डेटा सेंटरच्या भागांपैकी एक आहे. आपल्या फोनवर पटकन उघडणाऱ्या कित्येक गोष्टी खाडीपलीकडून, इतक्या जवळून येत असतात.

## किती दिवस टिकेल हे कोण ठरवतं

कांदा महिनाभर टिकतो, कोथिंबीर दोन दिवस. फाइल किती टिकणार हे ब्राउझरला आपोआप कळत नाही. सर्व्हर फाइल देताना सोबत एक चिठ्ठी लावतो, तिचं नाव 'कॅशे-कंट्रोल'. त्यावर 'मॅक्स-एज' म्हणून सेकंदांचा आकडा असतो. ३,१५,३६,००० असं लिहिलं असेल तर तो ३६५ दिवसांचा हिशोब आहे : वर्षभर ही प्रत बिनधास्त वापरा, मला विचारायलाही येऊ नका.

चिठ्ठीवर दुसराही मजकूर असू शकतो : ठेवा, पण वापरण्याआधी दरवेळी विचारा. यासाठी सर्व्हर फाइलसोबत एक खूण देतो, तिला ईटॅग म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण दाखवून विचारतो, "माझ्याकडे ही प्रत आहे, अजून चालेल का?" बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक पाठवतो. वाण्याला फोन करून "भाव तोच ना?" विचारावं आणि पलीकडून "तोच" एवढंच यावं, तसं. अख्खी फाइल पुन्हा येत नाही, पण विचारायची फेरी होतेच.

इथे एका फसव्या शब्दाबद्दल सांगायलाच हवं, कारण अनुभवी मंडळीही इथे चुकतात. 'नो-कॅशे' याचा अर्थ 'साठवू नका' असा वाटतो. तो तसा नाही. त्याचा अर्थ आहे 'साठवा, पण विचारल्याशिवाय वापरू नका'. अजिबात साठवायचं नसेल तर 'नो-स्टोअर' लिहावं लागतं.

आता काकूंच्या फोनकडे या. क्यूआरच्या चित्रावर मी वर्षभराची चिठ्ठी लावली होती. त्यामुळे त्यांच्या ब्राउझरने माझ्या सर्व्हरला काही विचारलंच नाही. मी सर्व्हरवर चित्र बदललं हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि चारदा केलेलं रिफ्रेश? पूर्वी रिफ्रेश केलं की ब्राउझर पानावरच्या प्रत्येक फाइलची चौकशी करायचे. २०१७ च्या सुमारास क्रोमने हे बदललं : साधं रिफ्रेश केल्यावर मुख्य पानाची चौकशी होते, आणि ज्या फाइलींची मुदत संपलेली नाही त्या साठ्यातूनच घेतल्या जातात. वेगासाठी हा निर्णय योग्यच होता. संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून सगळं नव्याने मागवता येतं, पण फोनवर कंट्रोलचं बटण कुठे असतं?

## नाव तेच, लोणचं वेगळं

मग वर्षभराचं आश्वासन देणंच चूक आहे का? नाही. आश्वासन योग्य आहे, ते चुकीच्या नावाला दिलं गेलं.

फडताळात एक बरणी आहे, तिच्यावर 'लोणचं' अशी चिठ्ठी आहे. आईने त्यातलं कैरीचं लोणचं काढून लिंबाचं भरलं, चिठ्ठी तीच ठेवली. तुम्ही आठवणीने 'लोणचं' मागितलं की तुमच्या मनात कैरीच असणार. गोंधळ टाळायचा तर नियम सोपा आहे : एकदा नाव लिहिलेल्या बरणीतला माल कधीच बदलायचा नाही. नवं लोणचं, नवी बरणी, नवं नाव. आणि फडताळाच्या दारावर एक कागद : सध्या वापरायची बरणी अमुक.

फाइलींना असं नाव देण्यासाठी त्यांच्या आतल्या मजकुराचाच अंगठ्याचा ठसा घेतात. गणिती पद्धतीने फाइलमधल्या प्रत्येक अक्षराचा हिशोब करून एक छोटा संकेत निघतो. त्याला हॅश म्हणतात, मी ठसाच म्हणतो. फाइल तशीच असेल तर ठसा कुठल्याही संगणकावर तोच येतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. हा ठसा नावातच घालतात. 'क्यूआर.पीएनजी' या चित्राचं नाव होतं 'क्यूआर.४१बी९०७.पीएनजी'. उद्या चित्र बदललं की नाव होईल 'क्यूआर.सी२८ई५०.पीएनजी'. ब्राउझरच्या दृष्टीने ही नवीनच फाइल; ती साठ्यात नाही, म्हणून तो मागवतो. जुनी वर्षभर साठ्यात पडून राहिली तरी तिला आता कुणी मागत नाही.

दारावरचा कागद म्हणजे एचटीएमएल पान. त्यात नवं नाव लिहिलेलं असतं, म्हणून ते पान मात्र कोथिंबिरीसारखं ताजंच हवं. त्याला 'नो-कॅशे' लावायचं. ठसा असलेल्या फाइलींना वर्षभर, शिवाय 'इम्युटेबल' हा शब्दही, म्हणजे ही कधीच बदलणार नाही, चौकशीचीही गरज नाही. २०१७ साली या शब्दाला अधिकृत मानकात जागा मिळाली.

## फ्रेमवर्क यात काय करतं

हे ठसे हाताने काढून नावं बदलत बसणं कुणाला जमणार नाही. रेल्सने २०११ साली ३.१ या आवृत्तीत 'असेट पाइपलाइन' आणली आणि ठशाची नावं आपोआप मिळू लागली. जँगोमध्ये साइट सर्व्हरवर चढवताना 'कलेक्टस्टॅटिक' ही आज्ञा चालवतात. मॅनिफेस्ट साठवण निवडलेली असेल तर ती प्रत्येक फाइलची १२ अक्षरी ठसा घातलेली प्रत बनवते आणि 'मूळ नाव हे, नवं नाव ते' अशी एक नोंदवही लिहून ठेवते. पान तयार होताना फ्रेमवर्क त्या नोंदवहीत बघून खरं नाव घालतं. लाराव्हेल २०२२ पासून हेच काम व्हीट नावाच्या साधनाकडून करून घेतं.

यातला नाजूक भाग म्हणजे फाइलीच्या आतली फाइल. सीएसएसमध्ये पार्श्वभूमीच्या चित्राचं नाव लिहिलेलं असतं. चित्राचा ठसा बदलला की सीएसएसमधलं नाव बदलावं लागतं. ते बदललं की सीएसएसचा मजकूर बदलला, म्हणजे तिचाही ठसा बदलला. ही साखळी फ्रेमवर्क सांभाळतं. मात्र त्याला जे दिसतं तेवढंच.

माझी चूक नेमकी इथे झाली. मॅनिफेस्ट साठवण मी सुरू केली होती. पण क्यूआरचं चित्र बटण दाबल्यावर उघडतं, आणि त्याचा पत्ता मी जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहिला होता, सरळ अवतरण चिन्हांत. फ्रेमवर्कला ते केवळ एक वाक्य. त्यात फाइलचं नाव आहे हे त्याला कळलंच नाही. त्यात भर म्हणजे, कलेक्टस्टॅटिक ठशाच्या प्रतीसोबत मूळ नावाची प्रतही ठेवतं, त्यामुळे चित्र दिसत होतं आणि काही बिघडलंय अशी शंकाही आली नाही. आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मी स्टॅटिक फोल्डरमधल्या सरसकट सगळ्या फाइलींना एक वर्ष लिहून ठेवलं होतं. ठसा नसलेल्या नावाला वर्षभराचं वचन. जँगोसोबत वापरलं जाणारं व्हाइटनॉइज हे साधन इथे शहाणपणाने वागतं : ठसा असलेल्या फाइलींना ते दीर्घ मुदत देतं आणि बाकीच्यांना फक्त ६० सेकंद. तो फरक मी करायला हवा होता.

माझ्या लॅपटॉपवर हे का दिसलं नाही, असंही काकूंच्या मुलाने विचारलं. मी ब्राउझरची विकासकांसाठीची खिडकी उघडी ठेवून काम करतो, आणि तिच्यात कॅशे बंद करायची खूण केलेली असते. जँगोही विकासाच्या अवस्थेत, म्हणजे साइट बांधत असताना, ठशाची नावं वापरत नाही. बांधणाऱ्याला साइट कधीच तशी दिसत नाही जशी राहणाऱ्याला दिसते.

## "मग साठवणंच बंद करा ना!"

खजिनदार काकांनी हेच सुचवलं, आणि त्यांच्या मनस्तापानंतर ते सुचणं साहजिक होतं. पण मग फोडणीच्या वेळी दरवेळी नाशिक गाठावं लागेल. लोगो, फॉन्ट, जावास्क्रिप्ट मिळून एक मेगाबाइट होत असेल, तर प्रत्येक पानाला तेवढा डेटा पुन्हा खर्च. मर्यादित डेटाचं रिचार्ज करणाऱ्या माणसाच्या खिशातून तो जातो, लोकलमध्ये खाडीपुलावर नेटवर्क जेमतेम असताना पान उघडतच नाही, आणि महिन्याच्या ५ तारखेला सगळी सोसायटी एकदम आली की छोटा सर्व्हर दमतो. नीट केलेल्या साठवणीत ताजेपणा आणि वेग दोन्ही मिळतात, तेव्हा एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

## "नावापुढे प्रश्नचिन्ह लावून आवृत्ती लिहिली तर?"

'स्टाइल.सीएसएस?व्ही=२' अशी नावं तुम्ही पाहिली असतील. चालतं, पण अपुरं आहे. आकडा हाताने वाढवायचा असेल तर घाईच्या दिवशी तोच विसरतो. रेल्स २०११ आधी तिथे फाइल बदलल्याची वेळ आपोआप घालायचं. पण दोन सर्व्हर असले की दोघांवर वेळ वेगळी पडते, आणि नवी आवृत्ती चढवताना न बदललेल्या फाइलींचीही वेळ बदलून सगळ्यांचाच साठा वाया जातो. शिवाय प्रश्नचिन्हानंतर काहीही लिहिलं तरी सर्व्हरवरची फाइल एकच असते. आवृत्ती चढवण्याच्या ऐन क्षणी कुणी '२' मागितली आणि सर्व्हरने अजून जुनीच दिली, तर जुना माल नव्या नावाने साठतो. मधल्या सीडीएनने तो साठवला तर एकट्या माणसाचं नाही, गावभराचं नुकसान. ठसा नावातच असला की ही गल्लत होत नाही : फाइल मिळते तर बरोबर मिळते, नाहीतर मिळतच नाही.

## "जुन्या फाइली काढून टाकल्या तर जागा वाचेल"

वाचेल, पण लगेच काढू नका. कुणीतरी सकाळी पान उघडून टॅब तसाच ठेवलेला असतो. दुपारी तुम्ही नवी आवृत्ती चढवून जुन्या फाइली पुसता. संध्याकाळी तो माणूस बटण दाबतो. त्याचं पान जुनं, ते जुन्या ठशाची जावास्क्रिप्ट मागतं, सर्व्हर ४०४, म्हणजे 'अशी फाइल नाही', म्हणतो आणि पान मुकं होतं. त्याला वाटतं फोन बिघडला. मी मागच्या काही आवृत्त्यांच्या फाइली महिनाभर राहू देतो. सोसायटीच्या साइटच्या मानाने ती जागा नगण्य आहे.

प्रसिद्ध लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार जावास्क्रिप्ट फाइली, सगळ्यांच्या सामायिक सीडीएनवरून घेतल्या की त्या आधीच साठ्यात असतात, हा सल्ला मात्र आता विसरा. एका साइटसाठी साठवलेली फाइल दुसरीला वापरू द्यायची नाही असं ब्राउझरांनी ठरवलं आहे, कारण त्यावरून तुम्ही आधी कुठे गेला होतात याचा माग काढता येत होता. सफारीने हे आधीच केलं होतं, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये.

## "मग पानही साठवलं तर आणखी वेग येईल"

इथे मात्र हात जोडून सांगतो, नको. लॉगिन केल्यानंतरचं पान हे एका माणसाचं असतं. ते सीडीएनने साठवलं तर माझी थकबाकी, माझा फोन नंबर पुढच्या माणसाला दिसेल. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर असंच झालं. हल्ल्यामुळे वाढलेला भार पेलण्यासाठी साठवणीचे नियम बदलले गेले, त्यात चूक झाली आणि लोकांना इतरांची पानं दिसू लागली. सुमारे ३४ हजार जणांची खासगी माहिती इतरांना दिसली असावी, असं कंपनीने नंतर सांगितलं. अशा पानांच्या चिठ्ठीवर 'प्रायव्हेट' हवंच, म्हणजे मधल्या टप्प्यांनी साठवायचं नाही. पैशाचा व्यवहार असेल तर 'नो-स्टोअर'.

## सुटलेली चिठ्ठी परत घेता येत नाही

क्यूआरचं प्रकरण दुरुस्त कसं केलं, ते सांगायचं राहिलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की सर्व्हरवरची मुदत एक वर्षावरून शून्य करावी. पण त्याचा उपयोग फक्त नव्याने येणाऱ्यांना. ज्यांच्या फोनवर वर्षभराची चिठ्ठी आधीच पोचली आहे, ते ब्राउझर मला विचारायला येणारच नाहीत, मग मी त्यांना नवी मुदत सांगू कशी? ते जे अजून विचारत होते, तेवढीच वाट मोकळी होती. नशिबाने एचटीएमएल पानाची चौकशी दरवेळी होत होती, आणि जावास्क्रिप्टच्या नावात ठसा होता. मी क्यूआरचा पत्ता जावास्क्रिप्टमधून काढून पानात आणला, जिथे फ्रेमवर्क त्याला ठशाचं नाव देतं. जावास्क्रिप्ट बदलली, तिचा ठसा बदलला, पानाने नवं नाव सांगितलं आणि पुढच्या उघडण्यालाच काकूंच्या फोनवर नवा क्यूआर आला. त्यांना सेटिंगमध्ये कुठेही जावं लागलं नाही. पानालाच वर्षभराची चिठ्ठी लावलेली असती तर मला घरोघरी जाऊन फोन हातात घ्यावे लागले असते.

तुम्ही कुठल्या संस्थेची साइट सांभाळत असाल तर संगणकावर एफ१२ दाबून 'नेटवर्क' हा विभाग उघडा आणि पान पुन्हा उघडा. प्रत्येक फाइलवर टिचकी मारली की तिची कॅशे-कंट्रोलची चिठ्ठी दिसते. मुदत मोठी आणि नावात ठसा नाही, अशी एकही फाइल दिसली तर तिच्यापासून सुरुवात करा. क्यूआर, फोन नंबरचं चित्र, दरपत्रकाची पीडीएफ या आधी बघा, कारण त्यांच्यावर विसंबून लोक पैसे भरतात.

नऊपैकी सात घरांचा गोंधळ या कॅशेमुळे होता. उरलेल्या दोन घरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पूर्वी पाठवलेला क्यूआरचा स्क्रीनशॉट वापरला होता. त्यावर कुठलंच फ्रेमवर्क काही करू शकत नाही, म्हणून आता क्यूआरच्या चित्रातच खाली बँकेचं नाव आणि 'या तारखेपासून लागू' असं मोठ्या अक्षरांत लिहितो.